चोवीस बांबू आणि मामाची वीत

सर्वात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सूत्र चुकलं नव्हतं. सूत्र आजही बरोबर आहे. ज्याला शंका असेल त्याने आमच्या गावी मारुतीच्या देवळासमोर यावं, डांबरी रस्त्यावर आईने मारलेल्या रांगोळीच्या रेघा अजून पुसट दिसतात. चुकली ती वीत. आणि वीतसुद्धा तशी चुकली नव्हती, फक्त ती मामाची होती.

आमचं गाव पाटणवरून कोयनानगरला जाताना लागतं. इथे घरटी एक माणूस सैन्यात, त्यामुळे दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी रिटायर होऊन येतं आणि फाट्यापासून घरापर्यंत उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. मागच्या खेपेला वरच्या आळीने असा डीजे लावला की आमच्या म्हशीने दोन दिवस दूध चोरलं. आता नंबर माझ्या पप्पांचा होता. हवालदार जयराज, चोवीस वर्षं नोकरी, रविवारी सकाळी दहाला फाट्यावर हजर. आणि मी, राजनंदिनी, इयत्ता दहावी, घरात जाहीर केलं की डीजे नाही, फ्लेक्स नाही, पप्पांचं स्वागत गणिताने होणार.

आईने परातीतून मान वर केली नाही.

"गणितानं?"

"हो."

"तुज्या?"

तो 'तुज्या' मला लागला. पण त्याला कारण होतं, ते मी प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या चाचणीत बीजगणितात मला वीसपैकी चार मिळाले होते. पप्पांना फोनवर सांगितल्यावर ते फक्त "बरं" म्हणाले. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्या 'बरं'वर रडतासुद्धा येईना.

त्यानंतर ज्ञानदा मॅडम आमच्या शाळेत आल्या. सांगलीच्या. इतकं स्वच्छ बोलतात की त्यांच्यासमोर आमच्या वर्गातली पोरं 'व्हय' म्हणायलाही घाबरतात. त्यांनी अंकगणिती श्रेढी शिकवायला घेतली आणि फळ्यावर दोन सूत्रं लिहिली. "पहिलं सूत्र शेजाऱ्याला विचारतं," त्या म्हणाल्या. "माझ्या मागचा केवढा आहे? त्यात फरक मिळवला की मी. दुसरं सूत्र कुणालाच विचारत नाही. त्याला फक्त पहिलं पद, फरक आणि स्वतःचा नंबर माहीत असला की पुरे. ए अधिक एन वजा एक गुणिले डी. थेट उत्तर."

आणि मला एकदम आमच्या घराच्या दाराची चौकट आठवली. पप्पा सुट्टीवर आले की पहिलं काम म्हणजे मला चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी धरायची आणि पेन्सिलने रेघ मारायची. "मागच्यापेक्षा तीन बोटं वाढलीस गं." मी नक्की केवढी आहे हे पप्पांनी कधीच सांगितलं नाही. मागच्यापेक्षा केवढी, एवढंच. त्या चौकटीवर एका वर्षी रेघच नाही, कारण लॉकडाऊनमध्ये सुट्ट्या बंद होत्या. म्हणजे आमच्या घरात इतकी वर्षं पहिलं सूत्र चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता! दुसऱ्या चाचणीत मला वीसपैकी अठरा पडले. तेव्हापासून मला जिन्यात, मक्याच्या कणसात, आणि शेजारच्या नानासो आप्पांच्या शर्टाच्या बटणांतसुद्धा श्रेढी दिसायला लागली. (त्यांच्या शर्टाचं तिसरं पद गायब आहे.)

तर योजना अशी होती. फाट्यापासून घरापर्यंत रस्त्याच्या कडेने चोवीस बांबू, एका वर्षाला एक. पहिला चार फुटाचा, पुढचा प्रत्येक अर्ध्या फुटाने उंच, प्रत्येकाच्या शेंड्याला आईच्या जुन्या साड्यांची पताका. पप्पा जीपमधून येतील आणि त्यांची नोकरी त्यांच्या डोळ्यांसमोर चढत जाईल. शेवटचा, चोवीस वजा एक म्हणजे तेवीस, तेवीस अर्धे साडेअकरा, अधिक चार, साडेपंधरा फूट, बरोबर आमच्या दारात. मी त्याचा आलेख काढून पप्पांना पाठवला. आता ऐका काय झालं. पप्पांनी तो सगळ्या युनिटला दाखवला. "साहेब म्हणाले, पोरगी इंजिनियर का? मी म्हणलं, व्हय," असा त्यांचा निरोप आला. पुढे लिहिलं होतं, "व्हिडिओ काढून ठिवा, सगळ्यास्नी बघायचा हाय."

म्हणजे आता मागे फिरायला जागा नव्हती. बांबू चुकले तर मी एकटी नाही, पप्पाही तोंडावर पडणार होते, तेही अख्ख्या युनिटसमोर.

गावात बातमी फुटल्यावर सल्ले यायला लागले. शेजारचे नानासो आप्पा रिटायर सुभेदार, सल्ला देताना ते सावधान उभे राहतात. "बांबू फूटभर जमिनीत जाणार. त्याचा हिशोब धरलास का?"

"सगळेच फूटभर जाणार ना, आप्पा. फरक तेवढाच राहतो."

आप्पा विश्राम झाले. त्या क्षणी मला जे वाटलं ते मेडल मिळाल्यावर वाटत असावं. मात्र लगेच मागून कुणाच्या तरी काकूंनी विचारलं, "पैला बांबू एवढासा का गं? कुणाची नजर काढायची हाय?" मी सांगितलं की पहिल्या पदात फरक मिळवायचा नसतो. "आगं बिचारा," म्हणाल्या. त्या पहिल्या बांबूबद्दल गावात शेवटपर्यंत सहानुभूती होती.

मग परवानगी. रस्त्याच्या कडेला काही रोवायचं तर ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात 'उंची' या शब्दापुढे अंगठ्याएवढा एकच चौकोन असतो. चोवीस उंच्या त्यात मावणार कशा? मी विचार केला, थेट सूत्र यासाठीच तर आहे. चौकोनात बारीक अक्षरात सूत्र लिहिलं. ग्रामसेवकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे टी-एन कोण?"

"ते पद आहे, सर."

"कसलं पद? पंचायतीत असलं पद न्हाई. आणि हाय तर त्यांची सही पायजे."

अर्धा तास मी त्यांना श्रेढी समजावली. शेवटी ते म्हणाले, "बाळ, मला एक आकडा दे. सरासरी दे." पहिला आणि शेवटचा मिळवून निम्मे, पावणेदहा. त्यांनी शिक्का मारला. चोवीस बांबू, उंची पावणेदहा फूट. मी खूश होऊन घरी आले. त्या पावणेदहाने पुढे माझा काय छळ मांडायचा ठरवलं होतं, हे मला तेव्हा कुठे माहीत!

शनिवारी सकाळी कुंडलहून शंभूराज मामा आला. मामा पैलवान. तो उंबऱ्यातून आत येताना आडवा होऊन येतो आणि त्याच्या हातात चहाची कपबशी बाहुलीच्या भातुकलीतली वाटते. मळ्यातल्या बेटातून बांबू तोडून आणायचे आणि कापायचे, हे काम त्याच्याकडे. मी त्याला चोवीस उंच्यांचा तक्ता दिला. त्याने तो उलटा धरून बघितला, मग सुलटा.

"एवढं लिवायचं कशाला, नंदे? मागच्यापेक्षा पुढचा किती मोठा, तेवढं सांग की."

आता इथे मला मोह झाला. तेही सूत्रच होतं ना! मॅडमचं पहिलं सूत्र. मामाला गणित न शिकवता गणित करायला लावायचं, केवढा विजय! शिवाय शाळेत जादा तास होता आणि गाडी निघत होती. मी हात पसरून दाखवला. "पहिला चार फूट मोजून घे. मग प्रत्येक वेळी एक वीत जास्त."

माझी वीत पट्टीवर मोजलेली आहे. बरोबर सहा इंच.

मी शाळेत असताना जे घडलं ते मला नंतर वेगवेगळ्या साक्षीदारांकडून कळलं. मामाने पहिला बांबू चार फुटांवर कापला. दुसरा त्याच्या शेजारी ठेवला, वीत टाकली, कापला. तिसरा दुसऱ्याच्या शेजारी. असं करत अकरापर्यंत गाडी सुरळीत आली. मग नानासो आप्पांनी अकरावा बांबू "जरा शेंगा काढून आणतो" म्हणून शेवग्याकडे नेला. झालं! अकरावा नाही तर बारावा कशाला लावून मोजणार? अख्खी श्रेढी शेवग्याच्या झाडाखाली अडकली. आप्पांच्या शेंगा निघाल्या, वाटून झाल्या, वर चहा झाला, तेव्हा कुठे बारावा बांबू जन्माला आला. आई म्हणते, मामा तोवर अंगणात एका हाताची वीत पसरून तशीच धरून बसला होता, माप हलू नये म्हणून.

मी घरी आले तेव्हा पताका बांधून बांबू गोठ्यामागे आडवे रचून ठेवले होते. मी लांबून बघितले. चढता क्रम होता. "झकास!" म्हणाले आणि भाषणाची तयारी करायला गेले. माणसाला आत्मविश्वास नवीन असला की तो असा कुठेही वापरून टाकतो.

रविवारी सकाळी सात वाजता पहारी घेऊन सगळे रस्त्यावर आलो आणि पहिल्यापासून बांबू धरून बघायला लागलो. पाचव्यापर्यंत मला काही वाटलं नाही. दहाव्याला मान जरा जास्तच वर गेली. विसाव्याला मामा म्हणाला, "नंदे, हा कौलाच्या वर चाललाय गं." आणि चोविसावा उभा करायला चौघं लागले. त्याची पताका आमच्या दारासमोरून जाणाऱ्या विजेच्या तारेशी गप्पा मारायला लागली, तेवढ्यात मोटारसायकलवरून लाईनमन जोतिबा आला.

"खाली घ्या! आदी खाली घ्या!" तो गाडीवरूनच ओरडला. मग परवानगीचा कागद मागितला, वाचला. "ह्यात पावणेदहा लिवलंय. ह्यो केवढा हाय?"

मी टेप लावली. तेवीस फूट दोन इंच.

मी हळूच मामाकडे वळले. "मामा, हात दाखव." मामाने शहाण्या मुलासारखा हात पसरला. मी टेप लावली. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत दहा इंच.

एका वितीला चार इंच जास्त, अशा तेवीस विती. मी मनात गुणाकार केला. ब्याण्णव इंच, म्हणजे साडेसात फुटांहून जास्त.

"पावणेदहा ही सरासरी आहे, शेवटचा साडेपंधराचा हवा होता," मी जोतिबाला सांगायचा प्रयत्न केला.

"सरासरी तारंला कळती व्हय गं?" जोतिबा म्हणाला. "साडेपंधराच्या वर एक बोट गेलं तर मी उभा करू देणार न्हाई. तुजा बाप माजा दोस्त हाय, पर तार माजी कुणी न्हाई."

साडेसात वाजले होते. मामाला फार वाईट वाटलं. त्याने लगेच करवत उचलली, पहिला बांबू बरोबर होता तो आडवा ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी लावला आणि माझी वीत मागितली. म्हणजे अक्षरशः माझा मनगटापासून हात धरून बांबूवर ठेवला. एक बांबू मोजायचा, खूण करायची, कापायचा, गाठी तासायच्या, दहा मिनिटं. तेवीस बांबू. दोनशे तीस मिनिटं. आणि वाटेतून पप्पांचा फोन आला होता, गाडी वेळेत आहे.

मला रडायला येत होतं. अंगणात जमलेल्या बायकांमध्ये "आदीच सांगितलं आसतं तर डीजे आला आसता" असं सुरू झालं. आणि तेव्हा मला मॅडमचा आवाज आठवला. दुसरं सूत्र कुणालाच विचारत नाही. कुणालाच विचारत नाही म्हणजे... कुणासाठी थांबतही नाही!

"मामा, थांब!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की म्हैस उभी राहिली. "एकेक कापायचा नाही! सगळे एकदम कापायचे! आई, रांगोळी आण. सगळी!"

देवळासमोरचा रस्ता सपाट आहे. तिथे आईने एक लांब सरळ रेघ मारली, तिला शून्य म्हटलं. मी टेप धरली आणि त्या रेघेपासून चार फुटावर दुसरी, एक नंबर. मग दर अर्ध्या फुटावर दोन, तीन, चार, असं चोवीसपर्यंत. आईचा हात रांगोळीत असा चालतो की मॅडमचा फळ्यावर चालत नाही. बांबू शेजारीशेजारी आडवे टाकले, सगळ्यांचे बुडखे शून्याच्या रेघेला. ज्याचा जो नंबर, त्याने त्या नंबरच्या रेघेवर कापायचं. शेजारचा कापून झाला की नाही, बघायचंच नाही. आता फक्त चोवीस माणसं आणि चोवीस कोयते हवे होते. आमच्या भागात वेळेला पेन मिळत नाही, कोयता प्रत्येक दाराआड असतो.

"फॉल इन!" नानासो आप्पा गरजले. शेवग्याचं पाप धुवायची संधी त्यांना मिळाली होती. बायका, म्हातारे, सुट्टीवरचे जवान, सगळे एकेका बांबूमागे उभे राहिले. "गिनती कर!"

"एक!" "दो!" "तीन!" मागच्याचं ऐकायचं, एक मिळवायचं, ओरडायचं. बघा, शेवटी पहिलं सूत्रही कामाला आलंच. नंबर वाटायला ते, कापायला थेट. मॅडम तिथे असत्या तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

"अठारा!" "उन्नीस!" विसावे होते तोफखान्यातून रिटायर झालेले एक आजोबा. तोफेने त्यांचा डावा कान नेला आहे आणि एकोणिसाव्या नंबरच्या काकू त्यांच्या डाव्या बाजूला होत्या. "उन्नीस!" आजोबा छाती काढून गरजले. पुढचे "बीस!" आणि शेवटी मामा, सर्वांत लांब बांबूमागे, "तेईस!" त्याच क्षणी कोयते खाली आले आणि बाकी काहीच ऐकू येईना.

पंधरा मिनिटं! दोनशे तिसाची पंधरा! कापून झालं तेव्हा शेंडे एका तिरक्या सरळ रेषेत चढत गेले होते. मी पप्पांना पाठवलेला आलेख रस्त्यावर झोपला होता. जोतिबाने शेवटचा बांबू मोजला आणि "पंधरा. मंजूर," म्हणून स्वतःच पहार उचलली. साडेपंधराऐवजी पंधरा कसा, हे विचारायचं भान मला नव्हतं. पताका पुन्हा बांधून साडेनऊपर्यंत सगळे बांबू उभे होते.

मी व्हिडिओसाठी मोबाईल घेऊन मागे सरकले तेव्हा आई शेजारी येऊन कुजबुजली, "नंदा, चोवीस नंबरच्या रेघंवर कुणी कापलंच न्हाई गं."

मी रांगेवरून नजर फिरवली. सतरा, अठरा, एकोणीस... आणि विसावा. एकोणीस आणि वीस, जुळ्या बहिणींसारखे, एकाच उंचीचे. चढत जाणाऱ्या रेषेत एक सपाट पायरी. एकदा दिसली की दुसरं काही दिसत नव्हतं. आणि फाट्यावर फटाके वाजले.

पप्पा जीपमध्ये उभे होते, गळ्यात हार, आणि ते दोन्ही बाजूंच्या माणसांकडे बघतच नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. फौजी माणूस, रांग दिसली की मोजणार. दहा. बारा. पंधरा. माझ्या हातातल्या मोबाईलमधला हा व्हिडिओ युनिटमध्ये जाणार होता. अठरा. एकोणीस. पप्पांनी हात वर केला. जीप थांबली, हलगी थांबली.

"ह्ये दोन सारखे का?"

मामाने हात पाठीमागे लपवले. आजोबांनी उजवा कान पुढे केला. मी मोबाईल खाली घेतला आणि म्हणाले, "पप्पा, माझं... सूत्र बरोबर होतं, पण..."

पप्पा जीपमधून उतरले. एकोणिसाव्या बांबूवर एक हात ठेवला, विसाव्यावर दुसरा. मग वर बघितलं.

"बरोबर हाय की," ते म्हणाले. "एकोणिसाव्या वर्साला मी आलो तवा चौकटीवर रेघ मारली. विसाव्या वर्साला सुट्टीच न्हवती. मग वाढंल कुठनं?" आणि आईकडे वळून म्हणाले, "विजयमाला, ह्ये पण पोरीनं धरलंय बग हिशोबात!"

मी तोंड उघडलं. नानासो आप्पांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सावधान." मी तोंड मिटलं. हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे. युनिटमध्ये गेलेल्या व्हिडिओखाली साहेबांनी लिहिलं की विसाव्या बांबूची कल्पना फार आवडली. आजोबांना ते तीनदा वाचून दाखवावं लागलं.

घरी आल्यावर पप्पांनी हारसुद्धा काढला नाही. मला चौकटीला उभं केलं, पट्टी धरली, रेघ मारली. "मागच्यापेक्षा दोन बोटं." मग टेप मागवली आणि जमिनीपासून मोजलं. "पाच फूट दोन इंच," ते म्हणाले, जसं काही कुणी त्यांना ही बातमी आजच दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर पप्पा दारात पेन्सिल घेऊन उभे. "ये, मोजू." कालच्या रेघेवरच रेघ पडली. मंगळवारी परत. बुधवारी परत. आई म्हणाली, "आवं, चौकट झिजंल." पप्पा म्हणाले, "झिजू दे."

आज बारावा दिवस आहे. एकाच जागी बारा रेघा झाल्यात, फरक शून्य. मी मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, फरक शून्य असला तरी ती अंकगणिती श्रेढीच असते.